कच्ची वही, पक्की वही

हळदीच्या सौद्यांचा हंगाम सुरू झाला की सांगलीच्या मार्केट यार्डात सकाळपासून पिवळी धूळ उडत असते. तीन वर्षांपूर्वीच्या अशाच एका फाल्गुनात, राजापुरी हळदीची अडत करणाऱ्या एका घरातील थोरल्या सूनबाईंना पहाटे उठल्यावर हाताची मूठ वळेनाशी झाली. वय ४२. दोन्ही हातांच्या बोटांची मुळे सुजलेली, मनगटे दुखरी. दुधाच्या पातेल्यावरचे झाकण उचलतानाही हात थरथरे. दहा वाजेपर्यंत बोटे थोडी सैल होत आणि मग त्या दिवसभराचे काम रेटीत. सासूबाईंनी आपल्या अनुभवावरून निदान केले, "सूनबाई, वात धरलाय. रोज रात्री तेल चोळून घेत जा." तेल चोळणे दोन महिने चालले. सूज कमी झाली नाही, वाढली.

मिरजेच्या संधिवाततज्ज्ञांनी रक्त तपासले, हातांची छायाचित्रे काढली आणि रोगाचे नाव सांगितले : ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. उतारवयात गुडघे झिजून होणारा संधिवात वेगळा आणि हा वेगळा. शरीराची प्रतिकारशक्ती ही रोगजंतूंवर नेमलेली राखण. या रोगात ती राखण आपल्याच माणसांना ओळखेनाशी होते आणि सांध्यांच्या आतील नाजूक अस्तरावर तुटून पडते. अस्तर सुजते, जाड होते आणि वेळीच आवरले नाही तर कूर्चा व हाड कुरतडू लागते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा रोग दुपटी-तिपटीने अधिक. सांध्यांचे कायमचे नुकसान बहुधा पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते. म्हणून तज्ज्ञ मंडळी सुरुवातीच्या काळाला फार जपतात. गेलेला वेळ येथे व्याजासह वसूल होत नाही, मुद्दलच बुडते.

औषध मिळाले मेथोट्रेक्सेट. आठवड्यातून एकदाच घ्यायचे आणि त्याच्या जोडीला फॉलिक ॲसिडची गोळी. 'आठवड्यातून एकदा' हे शब्द डॉक्टरांनी चिठ्ठीवर दोनदा अधोरेखित केले, कारण ही गोळी चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतते. गुरुवार ठरला. दोन महिन्यांत सूज उतरली, पण शुक्रवार उजाडला की मळमळ सुरू होई. त्यातच धाकट्या दिरांनी मोबाइलवर वाचून सांगितले, की हे तर कर्करोगावरचे औषध आहे. तसे ते आहेही. कर्करोगात देतात ती मात्रा कितीतरी मोठी असते, हे त्या मजकुरात नव्हते, किंवा असले तरी तेथवर कोणी वाचले नाही. घर घाबरले.

मामेसासरे तासगावहून आले होते. त्यांनी परसातल्या कडुनिंबावर चढलेली गुळवेल दाखवली. "घरात अमृत असताना विष कशाला गिळायचे? रोज काढा घ्या, प्रतिकारशक्ती वाढेल." काढा सुरू झाला. बाजारातून सिंहनाद गुग्गुळाची डबीही आली. मेथोट्रेक्सेट बंद केले नाही. दोन्ही चालू राहिले. मात्र मिरजेच्या डॉक्टरांना यातले काही कळवायचे नाही असे घरात ठरले, कारण 'ते रागावतील'.

व्यापारी घरांना ही पद्धत अपरिचित नाही. पक्की वही बँकेला दाखवायची, कच्ची वही घरात राहायची. बँकेच्या अधिकाऱ्यालाही हे ठाऊक असते आणि तो पक्क्या वहीवरून जमेल तेवढा निष्कर्ष काढतो. पण वही अपुरी असेल, तर निष्कर्ष चुकण्याचे खापर एकट्या त्याच्या माथी मारता येत नाही.

येथे थोडे थांबून आयुर्वेद या रोगाविषयी काय म्हणतो ते पाहावे, कारण तासगावच्या मामांचा काढा म्हणजे आयुर्वेद नव्हे. माधवकराचा 'माधवनिदान' हा ग्रंथ साधारणपणे सातव्या-आठव्या शतकातला मानतात. त्यात आमवात हा स्वतंत्र व्याधी म्हणून वर्णिला आहे. अन्नाचे नीट पचन न झाल्याने जो चिकट, जड भाग उरतो तो आम. तो वायूबरोबर सांध्यांत जाऊन बसला की सूज, ताठरता, अंग मोडून येणे, अरुची, जडपणा ही लक्षणे दिसतात. आजच्या ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसशी हे वर्णन पुष्कळ जुळते. तंतोतंत एकच म्हणणे मात्र धाडसाचे ठरेल. अकराव्या शतकातील चक्रपाणिदत्ताने आपल्या 'चक्रदत्त' या ग्रंथात आमवाताच्या चिकित्सेचा जो क्रम दिला, तो आजही वैद्य वापरतात : आधी लंघन, मग शेक, कडू-तिखट दीपन-पाचन द्रव्ये, विरेचन, आणि आम पचल्यावरच स्नेह व बस्ती.

या क्रमातील एक गोष्ट प्रत्येक घराने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आम असताना, म्हणजे सांधा सुजलेला, गरम व जड असताना, तेल चोळणे शास्त्राला मान्य नाही. शेक द्यायचा तो कोरडा, भाजलेल्या वाळूच्या पुरचुंडीने. सासूबाईंचे तेल मायेचे होते, पण ते ज्या शास्त्राच्या नावाने चोळले गेले त्या शास्त्राचाच त्याला आक्षेप आहे. 'घरगुती' आणि 'आयुर्वेदिक' हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात, त्यातून असे पुष्कळ घोटाळे होतात.

वनस्पतींपैकी एरंडाला या रोगात फार मान आहे. एरंडतेलाने कोठा साफ होतो आणि आमाचे ओझे उतरते, असे शास्त्र मानते. सुंठ पाचक म्हणून जवळजवळ प्रत्येक योगात येते. रास्ना, गुळवेल, बहावा, देवदार, गोखरू, एरंडमूळ व पुनर्नवा या सात द्रव्यांचा रास्नासप्तक काढा प्रसिद्ध आहे, तो सुंठीचे चूर्ण घालून देतात. निर्गुंडीच्या पाल्याचा शेक खेड्यापाड्यांत आजही होतो. सिंहनाद गुग्गुळात त्रिफळा, शुद्ध गंधक, गुग्गुळ आणि एरंडतेल असते. म्हणजे ते रेचकही आहे. ही शेवटची बाब किरकोळ नाही. मेथोट्रेक्सेट शरीराबाहेर पडते ते मुख्यतः मूत्रपिंडांवाटे. जुलाब होऊन शरीरातील पाणी घटले, की मूत्रपिंडांचे काम मंदावते आणि औषध रक्तात रेंगाळते. दोन्ही औषधे आपापल्या जागी योग्य असूनही, एकाची खबर दुसऱ्याला नसली तर हिशेब बिघडतो.

गुग्गुळाविषयी एक विषयांतर. हा डिंक देणारे काटेरी झुडूप कच्छ आणि राजस्थानच्या कोरड्या प्रदेशात वाढते. लवकर व भरपूर डिंक मिळावा म्हणून त्याला खोल जखमा केल्या जातात आणि पुष्कळ झाडे त्यात वाळून मरतात. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत हे झाड आज 'अतिसंकटग्रस्त' म्हणून नोंदलेले आहे. माल कमी आणि मागणी मोठी, तेव्हा काय होते हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही : दुसऱ्या झाडांचे डिंक गुग्गुळ म्हणून विकले जातात. स्वस्त गुग्गुळ घेताना या दोन्ही गोष्टींचा विचार व्हावा.

आता हळद. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि पेढ्यांवर पेढे वाटले गेले, ते योग्यच झाले. हळदीतील कर्क्युमिन हा घटक सूज कमी करतो, असे प्रयोगशाळेत पुष्कळदा दिसले आहे. पण हळदीत कर्क्युमिन असते शेकडा दोन ते पाच, आणि पोटात गेलेले कर्क्युमिन रक्तात फारच थोडे उतरते. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवले, की त्यासोबत मिरीतील पिपरिन दिल्यास रक्तात उतरणारे प्रमाण वीसपटीच्या आसपास वाढते. तेव्हापासून कर्क्युमिन व मिरीच्या अर्काच्या गोळ्यांचा सुळसुळाट झाला. भाजी-आमटीतील हळद पिढ्यान्‌पिढ्या पोटात जात आली आहे, तिची चिंता नको. गोळीची गोष्ट निराळी. २०२२ मध्ये अमेरिकेतील यकृततज्ज्ञांच्या एका गटाने हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेले १० रुग्ण नोंदवले, त्यांतील काहींच्या गोळ्यांत मिरीचा अर्क होता. कोट्यवधी लोक या गोळ्या घेतात, त्यामानाने संख्या अल्पच आहे. पण ज्याच्या यकृतावर आधीच मेथोट्रेक्सेटचा भार आहे, त्याने डॉक्टरांना न विचारता त्यात भर घालू नये. आणि पेढीवरच्या मंडळींसाठी आणखी एक गोष्ट : बांगलादेशातील पाहणीत, रंग उजळ दिसावा म्हणून हळदीत शिशाचे क्रोमेट मिसळले जात असल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. नुसत्या रंगावर भाव ठरू लागला की असे होते.

सूनबाईंच्या घरी पाचव्या महिन्यात रक्ततपासणी झाली. मेथोट्रेक्सेट चालू असताना यकृताची आणि रक्तपेशींची तपासणी ठरावीक अंतराने करावीच लागते. एसजीपीटी हा यकृताचा आकडा नेहमीच्या मर्यादेच्या चौपट आला. डॉक्टरांपुढे पक्की वही होती आणि तीत संशयित एकच. त्यांनी मेथोट्रेक्सेट थांबवले. सारा दोष त्या गोळीच्या खात्यावर नावे पडला. घरात कोणी उघडपणे बोलले नाही, पण मामांच्या शहाणपणाची मनोमन दाद दिली गेली, आणि काढा एकाऐवजी दोन वेळा झाला.

तीन आठवड्यांनी आकडा उतरण्याऐवजी आणखी चढला. डोळ्यांत पिवळी झाक दिसू लागली. आणि इकडे औषध बंद झाल्याने बोटे पुन्हा सुजली.

त्या रात्री सूनबाईंच्या यजमानांनी जे केले ते त्यांचे रोजचेच काम होते. पेढीचा ताळा जुळला नाही, तर ते दिवाणजींना विचारतात, 'कोणती नोंद राहिली?' त्यांनी कागद घेतला आणि पत्नीच्या पोटात सकाळपासून रात्रीपर्यंत जे जे जाते ते सगळे लिहून काढले. अकरा नोंदी झाल्या. त्यांपैकी मिरजेच्या डॉक्टरांना तीनच ठाऊक होत्या. दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन ते स्वतः मिरजेला गेले. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी कागद दोनदा वाचला, 'गुळवेल' या शब्दाखाली रेघ मारली आणि काढा त्याच दिवशी बंद करायला सांगितला.

गुळवेलीबद्दल येथे तोलून-मापून लिहायला हवे. शतकानुशतके वापरात असलेली ही वनस्पती आहे आणि बहुसंख्यांना तिचा त्रास होत नाही. पण करोनाच्या काळात 'प्रतिकारशक्ती वाढवणारी' म्हणून ती घरोघर रोज, महिनोन्‌महिने उकळली गेली. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईत तिच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेले ६ रुग्ण डॉक्टरांनी नोंदवले आणि २०२१ मध्ये ते प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला हरकत घेतली. वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात असू शकते, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. हरकत अगदीच गैर नव्हती. पुढे २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतून ४३ रुग्णांची माहिती एकत्र प्रसिद्ध झाली. त्यातून पुढे आलेली गोष्ट अशी, की अनेकांच्या यकृताची सूज स्वयंप्रतिकार प्रकारची होती, आणि ज्यांच्या शरीरात असा विकार सुप्तावस्थेत होता त्यांच्यात तो गुळवेलीने उघडा पडलेला दिसला.

यात कार्यकारणभावही समजण्याजोगा आहे. गुळवेल प्रतिकारशक्तीला चेतवते, हाच तिचा लौकिक. सर्दी-तापाने पुन्हा पुन्हा पडणाऱ्याला ते हितकर असेलही. ज्याचा रोगच चेतलेल्या प्रतिकारशक्तीचा आहे, त्याने ती आणखी वाढवायची म्हणजे घरच्यांवर धावून जाणाऱ्या पहारेकऱ्याच्या हाती आणखी एक काठी देणे. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असो, ल्यूपस असो की सोरायसिस, 'इम्युनिटी' हा शब्द ज्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत छापलेला आहे ती बाटली या रुग्णांनी तरी विचारल्याशिवाय उघडू नये.

काढा थांबल्यावर आकडे उतरले. पूर्ववत व्हायला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत आणि आधीच्या तीन आठवड्यांत सांध्यांना आवरणारे कोणी नव्हते. उजव्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वळली, ती तशीच राहिली.

यानंतर हे घर सांगलीतल्याच एका पदवीधर, वयोवृद्ध वैद्यांकडे गेले. मिरजेच्या डॉक्टरांनीच सुचवले, की औषधी घ्यायचीच असेल तर जाणकाराकडून घ्या आणि मला कळवून घ्या. वैद्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, मग रक्ताचे सगळे अहवाल मागितले.

"काढा कोणी सांगितला होता, बाई?"

"मामेसासऱ्यांनी."

"मामांना नाडी पाहता येते का?"

सूनबाई गप्प राहिल्या. वैद्यांनी सिंहनाद गुग्गुळाची डबी उलटसुलट करून पाहिली आणि बाजूला ठेवली. नंतर सासूबाईंकडे वळून ते म्हणाले, "आजी, माझ्याकडे येणारे निम्मे लोक मेथोट्रेक्सेट चालू असल्याचे मलाही सांगत नाहीत. डॉक्टर रागावतील म्हणून काढा लपवतात, आणि मी रागावेन म्हणून गोळी लपवतात."

तेव्हा कच्च्या वह्याही दोन होत्या, एवढे या घराला कळले.

वैद्यकीची तुलना शास्त्रीय चाचणीने करण्याचे प्रयत्नही झाले आहेत, आणि त्यांतील दोन सांगण्यासारखे आहेत. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी अश्वगंधा, सालई, सुंठ आणि हळद यांपासून केलेल्या औषधाची १८२ रुग्णांवर १६ आठवडे चाचणी घेतली. निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. अर्ध्या रुग्णांना औषध, अर्ध्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. औषधाच्या गटाला आराम पडला. निष्क्रिय गोळीच्या गटालाही चांगलाच पडला. सांध्यांची सूज निम्म्याहून अधिक उतरलेल्यांचे प्रमाण औषधाच्या गटात स्पष्टपणे जास्त होते, पण बहुतेक इतर मोजमापांत दोन गटांतील फरक निर्णायक ठरला नाही. हा रोग आपणहूनही चढतो-उतरतो, आणि आशेनेही माणसाला बरे वाटते. 'मला अमक्याच्या पुडीने गुण आला' ही साक्ष प्रामाणिक असूनही अपुरी का पडते, हे या चाचणीवरून कळावे.

दुसरी चाचणी कोइम्बतूरची, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली, अमेरिकेतील डॉ. डॅनिएल फर्स्ट व येथील वैद्यांनी मिळून केलेली. तीत ४३ रुग्ण होते. एका गटाला प्रत्येकाच्या प्रकृतीप्रमाणे ठरवलेली शास्त्रोक्त आयुर्वेदिक चिकित्सा, दुसऱ्याला मेथोट्रेक्सेट, तिसऱ्याला दोन्ही. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णांना कळू नये म्हणून काढे-गोळ्यांच्या हुबेहूब नकलाही तयार केल्या होत्या. ३६ आठवड्यांनंतर तिन्ही गटांचा गुण जवळजवळ सारखा आला आणि नुसत्या आयुर्वेदाच्या गटात दुष्परिणाम संख्येने कमी दिसले. आयुर्वेदावर श्रद्धा असणाऱ्यांना ही बातमी आनंदाची वाटेल, आणि ती तशी आहेही. पण ४३ जण म्हणजे नमुन्याचा माल. नमुना चांगला निघाला म्हणून कोणी सगळी गोदामे भरत नाही. हाडांची झीज थांबली की नाही हे नऊ महिन्यांत नीट कळत नाही. आणि ती चिकित्सा अनुभवी वैद्यांच्या हातून, रक्ततपासण्यांच्या देखरेखीखाली झाली होती. तासगावहून आलेल्या सल्ल्याला तिचा दाखला लागू पडत नाही. मेथोट्रेक्सेट सोडून आयुर्वेदाकडे वळण्याइतका आधार आज नाही, हे सरळ सांगावे. जोडीने घेण्यास वाव आहे, आणि तोही उघडपणे.

पुड्यांचे काय, हा प्रश्न येणारच. कोणतेही नाव नसलेली, कागदात बांधलेली, 'आठ दिवसांत गुण' देणारी पुडी गावोगाव मिळते. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले वेळोवेळी तपासणीत सापडले आहे. त्याने पहिल्या आठवड्यात चमत्कार होतो. पुढे चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, आणि एकाएकी बंद केल्यास प्रकृती ढासळते. नावाच्या औषधांतही पारा, शिसे, सोमल असू शकतात. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे एक-पंचमांशात यांपैकी काही ना काही आढळले. रसौषधींत ते प्रमाण आणखी अधिक होते. आपल्याकडील नियमांप्रमाणे पारा, हरताळ, बिब्बा, बचनाग अशी सूचीबद्ध विषारी द्रव्ये असलेल्या औषधाच्या वेष्टनावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना इंग्रजी व हिंदीत छापावी लागते. कर्जाच्या कागदावरील बारीक अक्षरे वाचणारी माणसे औषधाच्या डबीवरील तेवढीच अक्षरे वाचत नाहीत, याचे नवल वाटते.

आचार पाळणाऱ्या घरांच्या काही अडचणी निराळ्या असतात आणि त्या वैद्यांपुढे मांडल्या जात नाहीत. पुष्कळ चूर्णे मधातून सांगितलेली असतात. मध चालत नाही म्हणून घरातली माणसे औषधच सोडून देतात. विचारले तर वैद्य कोमट पाण्याचे किंवा तुपाचे अनुपान सांगू शकतात. ओले आले वर्ज्य असलेल्या घरात सुंठ चालते, आणि आमवातात सुंठच अधिक वापरली जाते. शृंगभस्म, प्रवाळ, शंख हे प्राणिज आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सालई किंवा कर्क्युमिनच्या कॅप्सूलचे कवच अनेकदा जिलेटिनचे असते. गोळीच्या रूपात तेच औषध मिळू शकते.

उपवासाचा प्रश्न याहून नाजूक. लंघन आमवातात हितकर असे शास्त्र म्हणते, आणि त्याला दूरचा एक पुरावाही आहे. नॉर्वेतील डॉक्टरांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रुग्णांना आठवडा-दहा दिवस उपवास व त्यानंतर वर्षभर शाकाहार दिला, तेव्हा त्यांचे सांधे नेहमीचा आहार घेणाऱ्यांपेक्षा बरे राहिले. (आपल्याकडील वाचकाला त्या शाकाहाराचा वेगळा लाभ होणार नाही, तो जन्मापासून घेतच आहे.) मात्र त्या उपवासात रस व सूप दिले जात होते. निर्जळी उपवास आणि मेथोट्रेक्सेट एकाच दिवशी आले, तर मूत्रपिंडांबद्दल जे वर सांगितले तेच पुन्हा. अठ्ठाई किंवा त्याहून मोठ्या तपाचा संकल्प असेल, तर डॉक्टरांशी आधी बोलावे. वेळ मिळाला तर ते मात्रा व दिवस बदलून देऊ शकतात.

सूनबाईंच्या बाबतीत पुढे असे झाले. यकृताच्या इतर विकारांच्या चाचण्या निर्दोष आल्यावर मेथोट्रेक्सेट कमी मात्रेत पुन्हा सुरू झाले आणि हळूहळू वाढवले गेले. शुक्रवारची मळमळ ही डॉक्टरांना सांगण्यासारखी गोष्ट आहे, हे त्यांना वर्षभराने कळले. सांगितल्यावर गोळी रात्रीच्या ऐवजी सूर्यास्तापूर्वीच्या जेवणानंतर ठरली, फॉलिक ॲसिड वाढले आणि त्रास बराच कमी झाला. वैद्यांनी गुळवेल व अश्वगंधा दोन्ही वगळली. सुंठ घालून उकळलेले पाणी, वाळूच्या पुरचुंडीचा शेक, रात्रीचे जड अन्न बंद, आणि अधूनमधून एरंडतेल. तेही गुरुवारपासून दूरच्या दिवशी आणि मिरजेला कळवून. सकाळची ताठरता जी दोन-तीन तास टिकत होती, ती आता वीस मिनिटांवर आली आहे. यातले कोणी किती दिले हे वेगळे करून सांगता येणार नाही, आणि वैद्यही तसा दावा करीत नाहीत.

दिवाळीत वहीपूजनासाठी लाल पुठ्ठ्याच्या वह्यांचा गठ्ठा आला, तेव्हा त्यातली एक सूनबाईंनी मागून घेतली. तीत डाव्या पानावर डॉक्टरांचे, उजव्या पानावर वैद्यांचे, आणि खाली एसजीपीटी, ईएसआरचे आकडे तारखेसह. दोघेही तीच वही पाहतात. वैद्यांनी एकदा डाव्या पानावरील एका वेदनाशामक गोळीपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले, आणि मिरजेच्या डॉक्टरांनी ती गोळी कमी केली. मागच्या चातुर्मासात एका गुरुवारी चतुर्दशी आली. ती नोंद सूनबाईंनी पंधरा दिवस आधीच वहीत करून ठेवली होती, आणि तिच्यापुढे लिहिले होते : 'गोळी कोणत्या वारी? फोन करून विचारणे.'